गाडीतला नकाशा की मोबाइल: नागपूर–चिखलदरा–सेमाडोह आणि समृद्धीवरून परत

नागपूरहून वरूडमार्गे चिखलदऱ्याला जाताना मोर्शी आणि चांदूर बाजार यांच्या दरम्यान मोबाइलने तुम्हाला मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळायला सांगितले आणि त्यामुळे चौदा मिनिटे वाचतील असे दाखवले, तर वळू नका. ही गोष्ट मुद्दाम सर्वांत आधी लिहीत आहे, कारण बाकीचा मजकूर कोणी अर्धवट सोडला तरी एवढे लक्षात राहिले पाहिजे. ती चौदा मिनिटे आम्हाला साडेतीन तासांना आणि दोन हजार रुपयांना पडली.

आमची गाडी २०१७ सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली आहे. तिच्या डॅशबोर्डवर कंपनीनेच बसवलेला पडदा आहे आणि नकाशा त्यातल्या एका मेमरी कार्डावर साठवलेला आहे. प्रवासापूर्वी तो नकाशा अद्ययावत करून घ्यावा म्हणून मी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारणा केली, तेव्हा नव्या कार्डाचे १४,५०० रुपये सांगण्यात आले. त्या कार्डात किती सालापर्यंतचे रस्ते आहेत, हा माझा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर काउंटरवरच्या माणसाला देता आले नाही आणि त्याने ज्याला फोन लावला त्यालाही देता आले नाही. किती जुना आहे हेच माहीत नसलेल्या नकाशासाठी एवढी रक्कम मागणे ही उघड लूट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कार्ड घेतले नाही आणि मोबाइलवर विसंबून निघण्याचे ठरवले. गाडीतला पडदा चालू ठेवला, पण त्याचा आवाज बंद केला. ही चूक पुढे महागात पडली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे निघालो. मोबाइलने अमरावतीचा हमरस्ता न दाखवता काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी असा मार्ग दाखवला. अमरावतीच्या रस्त्यावर काही अडचण असेल म्हणून तो इकडून नेत असावा, असे मी समजलो. खरे कारण संध्याकाळी चिखलदऱ्याला खोलीवर पोहोचून ॲपच्या सेटिंगमध्ये शिरल्यावर समजले. मागे कधीतरी एका प्रवासात ‘टोल टाळा’ हा पर्याय मी चालू केला होता आणि तो महिनोन्‌महिने तसाच चालू राहिला होता. पडद्यावर त्याची बारीकशी खूण असते, पण गाडी चालवणाऱ्याच्या नजरेला ती पडत नाही. निघण्यापूर्वी मार्गाच्या पर्यायांत जाऊन टोल टाळा आणि महामार्ग टाळा या दोन्ही खुणा काढलेल्या आहेत की नाहीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. या प्रवासातून मिळालेला सर्वांत उपयोगाचा सल्ला मी हाच मानतो.

वरूडपर्यंत आणि पुढे मोर्शीपर्यंतही तक्रार करण्यासारखे काही नव्हते. मोर्शी सोडल्यावर मोबाइलने उजवीकडे वळायला सांगितले, त्याच क्षणी गाडीतल्या पडद्यावरचा बाण सरळ जायला सांगत होता. आठ वर्षांपूर्वीच्या नकाशावर कोण विश्वास ठेवणार, असे म्हणून मी वळलो. पहिला एक किलोमीटर डांबर होते, नंतर खडी आली आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा असलेला शुद्ध पांदण रस्ता सुरू झाला. दोन दिवसांपूर्वी तिथे अवकाळी पाऊस झाला होता. वरून माती सुकल्यासारखी दिसत होती, तिला भेगाही पडू लागल्या होत्या, पण तो पापुद्रा बोटभर जाडीचाच होता आणि त्याखाली काळी माती लोण्यासारखी मऊ होती. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या होत्या की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासू लागला. पांदण एवढी अरुंद होती की वळवायला जागा नव्हती, आणि मागे घ्यायला गेलो तर पुढचे चाक जागीच फिरत राहिले. चाकाच्या खोबणीत माती भरत गेली, टायरची नक्षी दिसेनाशी झाली आणि चाक गुळगुळीत काळ्या गोळ्यासारखे होऊन बसले. मोबाइल त्या वेळीही शांतपणे सांगत होता की चारशे मीटर सरळ जा.

बागेत संत्र्यांची तोड चालू होती, तिथली माणसे धावून आली. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ गाडीकडे एकवार बघून म्हणाले, “तुमाले बी मोबाइलनंच इकडे आनलं असन, भाऊ.” म्हणजे आम्ही पहिले नव्हतो. ट्रॅक्टर यायला दीड तास लागला. मालकाने आधी तीन हजार मागितले आणि शेवटी दोन हजारांवर तडजोड झाली. ही रक्कम जास्त आहे, यात मला शंका नाही, कारण ओढायला प्रत्यक्षात दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. पण त्या माणसाने तोडीचे काम थांबवून ट्रॅक्टर आणला होता आणि गाडी बाहेर काढूनही दाखवली, त्यामुळे सर्व्हिस सेंटरपेक्षा त्याचा व्यवहार मला कितीतरी स्वच्छ वाटला. जाणाऱ्यांनी दर आधी ठरवावा आणि साखळी बंपरला न बांधता गाडीच्या टो-हुकलाच बांधायला लावावी. तो हुक स्टेपनीशेजारच्या हत्यारांत असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आट्यांनी बसवावा लागतो. टो-दोर, टॉर्च आणि हवा भरलेली स्टेपनी तुमच्याजवळ आहेच असे मी धरून चाललो आहे. ते नसेल तर मेळघाटाच्या दिशेने निघूच नये.

मोबाइल असे का करतो, याचा मी नंतर नीट विचार केला. त्याच्या दृष्टीने नकाशावरची रेघ दोन्ही टोकांना रस्त्याला जोडलेली असली की तो रस्ताच असतो. त्या रेघेखाली डांबर आहे, मुरूम आहे की काळी माती, आणि परवा तिथे पाऊस पडला का, हे त्याला ठाऊक नसते. शहरात त्याच हिशेबाने तो गल्लीबोळांतून अचूक वाट काढून देतो, म्हणून आपला त्याच्यावर विश्वास बसतो, आणि नेमका तोच विश्वास विदर्भातल्या पांदणीवर घात करतो. गाडीतल्या जुन्या नकाशात ती पांदण नव्हतीच, म्हणून तो सरळ जा म्हणत होता. त्याचे बरोबर आले ते त्याच्या अज्ञानामुळे, हे खरे आहे, पण आले बरोबर. म्हणून माझा नियम असा की परतवाड्यापर्यंत वीस मिनिटांपेक्षा कमी बचतीचा कोणताही आडमार्ग स्वीकारायचा नाही आणि दोन पडद्यांचे एकमत होत नसेल तर गाडी बाजूला घेऊन पहिल्या टपरीवर विचारायचे. विचारताना रस्ता जातो का, असे विचारू नका, कारण पांदणही जातेच. एसटी जाते का, असे विचारा.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला धामणगाव गढीवरूनही जाता येते आणि घटांग, सलोना मार्गेही जाता येते. अंधार पडत आल्याने आम्ही धामणगाव गढीचा घाट धरला. दुसरा दिवस चिखलदऱ्यात गेला. गाविलगड, देवी पॉइंट, थंडी आणि कॉफी सगळे छान आहे, त्यावर वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या दिवशी सेमाडोह, कोलकास आणि हरिसालच्या बाजूला गेलो, आणि तिथे मात्र दोन्ही नकाशांची किंमत पुरती उलटी झाली. जंगलात बराच वेळ मोबाइलला रेंज नव्हती. सकाळी खोलीवर मार्ग उघडून निघालो होतो, तोपर्यंत सगळे सुरळीत होते. सेमाडोहला चहासाठी वळलो, परत निघताना चुकीचा फाटा धरला आणि मोबाइलचा मार्गच नाहीसा झाला. निळा ठिपका दिसत होता, पण त्याच्याभोवती रस्ते नव्हते, नुसती करडी पाटी होती. इथे अनेकांचा समज चुकतो, म्हणून सांगतो. आपली जागा उपग्रहांवरून कळते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घ्यायला, नवा मार्ग काढायला आणि वाहतूक कळायला. त्यामुळे रेंज गेली की मोबाइलला आपण कुठे आहोत हे कळते, पण आजूबाजूला काय आहे हे कळत नाही. गाडीतल्या नकाशाचे सगळे रस्ते कार्डातच असल्याने त्याला काहीही फरक पडला नाही. शिवाय माझ्या गाडीतली यंत्रणा चाकांच्या वेगावरून आणि वळणांवरूनही जागेचा अंदाज घेते, त्यामुळे दाट झाडीतल्या वळणांवरही बाण रस्ता सोडत नव्हता. त्या दिवशी जुन्या पडद्याने आम्हाला नेले आणि सुखरूप परत आणले.

तरीही यावरून कोणी १४,५०० रुपये खर्च करू नयेत. हेच काम मोबाइल फुकटात करतो, फक्त तयारी आदल्या रात्री घरच्या वायफायवर करावी लागते. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशाचा चौकोन उतरवून घेता येतो. तो अमरावती शहरापुरता न घेता उत्तरेला धारणीच्या पलीकडे आणि पूर्वेला नागपूरपर्यंत ओढून घ्यावा. ऑफलाइन असताना वाहतूक आणि पर्यायी मार्ग दिसत नाहीत, पण गाडीचा मार्ग नव्याने काढता येतो आणि जंगलात तेवढेच पुरते. दुसरी सोय म्हणून ऑरगॅनिक मॅप्स हे ॲपही टाकून ठेवावे, ते मुळातच इंटरनेटशिवाय चालण्यासाठी बनवलेले आहे. मी हे काहीच केले नव्हते. नकाशा उतरवायचा राहिला असेल तर शेवटची संधी परतवाड्याला घ्यावी आणि पेट्रोलची टाकीही तिथेच भरावी. गाडीतला नकाशा जवळचा पंप दाखवतो म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये, जुन्या नकाशातला पंप आज तिथे असेलच असे नाही.

परतीला बहिणीकडे कारंजा लाडला मुक्काम होता, म्हणून परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर असे जाऊन चौथ्या दिवशी आम्ही कारंज्याहून समृद्धी महामार्ग धरला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये. २०१७ च्या कार्डाला त्यातले काहीच माहीत असणे शक्य नव्हते. आवाज मी पुन्हा चालू केला होता, कारण जंगलातल्या अनुभवाने मी त्याच्या बाजूचा झालो होतो. महामार्गावर चढताच पडद्यावरचा बाण कोऱ्या शेतांतून धावू लागला आणि शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या, असे तो दर दोन मिनिटांनी बजावू लागला. ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या, मध्ये कुठेही वळायला जागा नसलेल्या रस्त्यावर अशी सूचना कानावर पडत राहणे धोक्याचे आहे. एखादा नवखा चालक गोंधळून वेग कमी करील किंवा कडेला थांबेल, आणि मागून येणाऱ्याला तेवढेच अपघाताला पुरते. समृद्धीवर जुना पडदा पूर्ण बंद ठेवा. आवाज कमी करून भागत नाही. इथे मोबाइलच हवा, कारण उतरण्याचा इंटरचेंज चुकला तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाण्यावाचून इलाज नसतो आणि टोलही किलोमीटरच्या हिशेबाने वाढतो.

मोबाइल काचेजवळ स्टँडवर लावला असेल तर उन्हाचीही काळजी घ्या. दुपारी दोनच्या सुमाराला माझा फोन इतका तापला की चार्जिंग थांबले आणि पडदा अंधुक झाला. हे ऑक्टोबरात झाले, आपल्या मे महिन्यात काय होईल ते नागपूरकरांना सांगायला नको. एसीच्या झडपेला अडकवायचा स्टँड घ्या, थंड हवेने फोन ताळ्यावर राहतो. फोन हातात धरून बघू नका. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी मार्ग पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली आहे, पण चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये, ही अट आहे. नवी गाडी घेणार असाल तर कंपनीच्या नकाशासाठी वरच्या मॉडेलचे पैसे मोजू नका. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालणारा पडदा घ्या, म्हणजे मोबाइलचाच नकाशा मोठ्या पडद्यावर येतो. केबलने जोडा, बिनतारी जोडणीत फोन अधिक तापतो.

हे सगळे मी घरी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहीत आहे, पाठ अजून दुखते आहे आणि गाडीखालची माती पुरती निघालेली नाही, त्यामुळे काही सल्ले जास्त कडक वाटतील. ते तसेच राहू देत.

शिवमडक्याला समृद्धी संपल्यावर एक शेवटची जागा सांभाळायची आहे. वर्धा रोडवरचा दुमजली उड्डाणपूल २०२० साली सुरू झाला, तो जुन्या कार्डात नाही. मोबाइलला तो ठाऊक आहे, पण खाली रस्ता, मधे पूल आणि वर मेट्रो अशी रचना असल्याने आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे त्याला नेहमी ओळखता येत नाही. अजनी, धंतोलीकडे जायचे असेल तर विमानतळ ओलांडताच पुलावर चढा. छत्रपती चौकात उतरायचे असेल तर मोबाइल काहीही म्हणो, खालच्याच रस्त्याने राहा.