गारवा विकणाऱ्यांची मंडळी

दर जून-जुलैत, कॉलेजं सुटून नोकऱ्यांची शोधाशोध सुरू झाली की मला ओळखी-अनोळखी पोरांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला. "सर, इशरेची मेंबरशिप घेतली तर फायदा काय?" (इशरे म्हणजे आम्हा एसी आणि कोल्ड स्टोरेजवाल्या इंजिनिअरांची संस्था.) फायदा म्हणजे त्यांच्या डोक्यात नोकरी असते. व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली एक ओळ वाढते, एवढा फायदा आहेच. पण त्या ओळीकडे बघून कोणी काम दिल्याचं मला तरी आठवत नाही. मग मी विचारतो, "सायक्रोमेट्रिक चार्ट शेवटचा कधी हातात घेतला होतास?" (हवेचं तापमान आणि ओलावा एकत्र दाखवणारा आलेख.) बरेचसे फोन इथेच आटोपतात. ज्यांचे आटोपत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी मूळचा तासगावकडचा. मिरजेच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि पहिली नोकरी लागली बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. बेदाण्याचा रंग टिकवायचा तर तो चारेक अंशांना ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे ही थंडी अमोनियाच्या जिवावर चालते. अमोनियाचं एक बरं असतं, गळला की लपत नाही. जरा कुठे व्हॉल्व्हची ग्लँड, म्हणजे गळती रोखणारं पॅकिंग, सैल झाली की डोळ्यांतून पाणी येतं आणि माणूस पाना घेऊन पळतो. पुढे पुण्यात एसीच्या धंद्यात आलो तर इथल्या गॅसला वासच नाही! सगळा गॅस निघून जातो, खोली गरम व्हायला लागते, तेव्हा कुठे गिऱ्हाईकाचा फोन येतो.

पुण्यात आल्यावर शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे 'दीडशे फुटाला एक टन'. ऑफिस असो, दवाखाना असो, पश्चिमेला काच असो की उत्तरेला भिंत, क्षेत्रफळ भागिले दीडशे. मोबाईलवर हिशेब, पाच मिनिटांत कोटेशन. गिऱ्हाईकही खूश, कारण शेजारच्यापेक्षा आपल्याकडे अर्धा टन जास्त. (कित्येकांना टन म्हणजे मशीनचं वजन वाटतं. तो उष्णता ओढण्याचा दर आहे. २,००० पौंडांचा एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल, तेवढी. तासाला १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप), म्हणजे साडेतीन किलोवॅट.)

या दीडशेच्या भागाकारातून मला बाहेर काढलं ते संस्थेच्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाने. इशरे, म्हणजे आपल्या देशातल्या हीटिंग, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगवाल्या इंजिनिअरांची संस्था. १९८१ साली दिल्लीत सुरू झाली, आता गावोगाव तिचे चॅप्टर आहेत, पुण्यातही आहे. विद्यार्थ्यांची मेंबरशिप वेगळी असते आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यांचे स्वतंत्र चॅप्टर चालतात. अमेरिकेतली ॲशरे ही यातली जुनी मंडळी. तिची मुळं १८९४ पर्यंत जातात आणि तिचेही चॅप्टर आपल्याकडे आहेत. पुष्कळ जण दोन्हीकडे असतात, त्यामुळे एकाच हॉलमध्ये तेच चेहरे दोनदा दिसतात.

त्या संध्याकाळी एक ज्येष्ठ कन्सल्टंट आले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. स्लाइड एकही नाही. प्रत्येकाला चार्टची झेरॉक्स, पेन्सिल आणि फूटपट्टी. म्हणाले, "जुलैतलं पुणं काढा." बाहेर २५ अंश, हवा ओलीचिंब. ऊन नाही, भिंती तापलेल्या नाहीत, म्हणजे खोली थंड करायचं काम थोडंच. पण माणसांच्या श्वासातून, घामातून आणि बाहेरून येणाऱ्या हवेतून येणारं पाणी मात्र आहे तेवढंच. आता या खोलीत गरजेच्या दीडपट मशीन बसवलं तर? दहा मिनिटांत तापमान गाठतं आणि कॉम्प्रेसर बंद. आतल्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी धरायला वेळच मिळत नाही. गिऱ्हाईक सांगतं, "थंड आहे हो, पण चिकट वाटतंय." आणि मेकॅनिक जाऊन गॅस चेक करून येतो! कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी इन्व्हर्टर मशीन आल्यापासून हा त्रास कमी झालाय, गेलेला नाही.

काकांनी मग विलिस कॅरियरची गोष्ट सांगितली. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्याने यंत्रणा आखली, ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हती. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगायचा-आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. म्हणजे आमचा हा सगळा धंदा ओलावा आवरण्यातून जन्मला, आणि आम्ही आर्द्रता सोडून सगळ्याची विचारपूस करतो.

त्याच दिवशी मागच्या बाकावरून एकाने १.०८ चा विषय काढला. आमच्यातल्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. मिनिटाला किती घनफूट हवा, गुणिले तापमानातला फरक, गुणिले १.०८, की बीटीयू हातात. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणं साधारण ५६० मीटरवर, इथली हवा सहा-साडेसहा टक्के विरळ, म्हणजे १.०८ चा होतो १.०१. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, तिथे ०.९२ च उरतो. मुंबईत बरोबर चाललेलं डिझाइन तसंच्या तसं उचलून महाबळेश्वरच्या हॉटेलात लावलं, तर पंखा तेवढेच घनफूट फेकतो पण हवेचं वजन पंधरा टक्के कमी भरतं. पुस्तकात हे असतंच. पण घाटमाथ्यावर हात पोळलेला माणूस समोर उभा राहून सांगतो तेव्हा ते डोक्यात बसतं. एकाच टेंडरमध्ये एकमेकांचे दर पाडणारे आम्ही, अशा संध्याकाळी आपापली फसलेली कामं मोकळेपणाने सांगतो. का, ते मला नीट उमगलेलं नाही. बहुधा समोरच्यालाच ते समजणार असतं म्हणून. घरी सांगून काय उपयोग?

सगळीच व्याख्यानं अशी नसतात, हेही सांगतो. एखाद्या महिन्यात वक्ता चाळीस स्लाइडींत चाळीस वेळा कंपनीचा लोगो दाखवतो. तेव्हा मी मागच्या दाराशी बसतो.

वाद मात्र झकास होतात. सगळ्यात रंगलेला वाद अर्थातच तापमानाचा. परदेशातल्या ऑफिसांवरून ठरलेले आरामाचे आकडे आपण वर्षानुवर्षं जसेच्या तसे वापरत आलो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या मंडळींनी आपल्या हवामानातल्या इमारतींत माणसांना विचारून भारतीय मॉडेल तयार केलं. गरम हवेत वाढलेल्या माणसाला जास्त तापमानही सोसवतं, हे त्यात आकड्यांनी दिसलं. इशरेने २०१६ मध्ये घरातल्या-ऑफिसातल्या हवेचं, उजेडाचं, आवाजाचं स्वतःचं मानक काढलं, क्रमांक १०००१. आणि २०२० पासून नवीन एसी सुरू केला की २४ अंशांवरच लागतो, हा सरकारी नियम आहे.

हे सगळं मंगल कार्यालयाच्या मालकाला सांगून बघा! त्याला १८ हवं. का, तर नवरदेव शेरवानीत घामाघूम होतो. यात तथ्य आहे बरं का. आमच्या शास्त्रात कपड्यांनाही मोजमाप आहे, त्याला 'क्लो' म्हणतात. साधा शर्ट-पँट अर्धा-पाऊण क्लो, सूट एक क्लो. अस्तर लावलेली शेरवानी, वर शेला, फेटा, हार, समोर होम... याचा आकडा कुठल्याच तक्त्यात नाही. एका बैठकीत आम्ही अर्धा तास यावरच घालवला. शेवटी एका मॅडमनी सुचवलं की गार हवेचा झोत स्टेजवरच सोडा आणि बाकीचा हॉल २५ वर ठेवा. मावशी-काकूंना शाली पांघरून बसावं लागणार नाही. मी त्यानंतर दोन कार्यालयांत तसं केलं, तक्रार आली नाही.

संस्थेचा खरा उपयोग झाला तो २०२० च्या एप्रिलमध्ये. सगळं बंद, आणि लोक विचारत होते, एसीतून करोना पसरतो का? इशरेने त्याच महिन्यात सूचना काढल्या. तापमान २४ ते ३०, आर्द्रता ४० ते ७० टक्के, खिडकी थोडी उघडी, बाहेरची हवा आत येऊ द्या. तालुक्यांतल्या लहान दवाखान्यांतून फोन येत होते. त्यांना मोठी यंत्रणा परवडणारी नव्हती आणि सामानही मिळत नव्हतं. आम्ही फोनवरच हिशेब सांगायचो. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १,२०० घनफूट. आयसोलेशनला तासाला बारा वेळा हवा बदलायची, म्हणजे मिनिटाला २४० घनफूट. बारा इंची एक्झॉस्ट फॅन एवढं आरामात ओढतो. पण तो रुग्णाच्या डोक्याकडच्या भिंतीत बसवा, दाराजवळ नको, आणि बाहेर जिथे हवा पडते तिथे माणसांची ये-जा नको. तपासायचं कसं? हवेचा दाब मोजणारा मॅनोमीटर कुणाकडे होता! दाराच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर आत गेला पाहिजे, म्हणजे खोलीतली हवा बाहेर येत नाही. एका नर्सताईंनी मला उदबत्तीचा व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, "सर, धूर आत जातोय पण मधेच थांबतोय." शेजारच्या खोलीचा मोठा पंखा सुरू झाला की असं व्हायचं. त्यांनी ते स्वतः शोधून काढलं.

बाकीचे उपक्रम भरभर सांगतो. ॲक्रेक्स नावाचं मोठं प्रदर्शन असतं, दिल्ली, मुंबई, बेंगळुरू असं फिरतं. मुंबईत असलं की पुण्याहून पहाटे निघतात, रात्री पिशवीभर कॅटलॉग घेऊन परततात. २६ जूनला, लॉर्ड केल्व्हिनच्या जन्मदिवशी, जागतिक रेफ्रिजरेशन दिन असतो. विद्यार्थ्यांना कारखाने दाखवायला नेतात. चिंचवडच्या थरमॅक्स कंपनीची मशीन वाफेवर चालून थंड पाणी देतात, लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणावर. ते तत्त्व समजावताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. उष्णता देऊन थंडी निघते हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला होता.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. या सगळ्या बैठकांत इंजिनिअर असतात, कन्सल्टंट असतात, कंपन्यांचे मॅनेजर असतात. तांब्याची नळी हातात धरणारा तिथे नसतो. आणि आमच्या धंद्यातलं बरं-वाईट त्या नळीच्या जोडावर ठरतं. जोड गळला की एसीतला गॅस हवेत जातो. जुना गॅस आर-२२ ओझोनला खातो म्हणून तो जातोय, २०३० पर्यंत जवळपास संपेल. आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी, पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट. आता आर-३२ आलाय, ६७५ पट. पण तो थोडा पेटतो. आणि आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, फक्त ३ पट, पण चांगलाच पेटतो. किगालीच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलं. २०४७ पर्यंत हे तापवणारे गॅस ८५ टक्क्यांनी कमी करायचे आहेत. हे आकडे हॉलमध्ये बसून बोलायला सोपे. छज्ज्यावर पाय रोवून नळी जोडायची गॅसची टॉर्च पेटवणारा वेगळाच असतो.

म्हणून आम्ही काही जणांनी मिळून मेकॅनिकांसाठी मराठीतून एक सत्र ठेवलं. सीझन संपल्यावर, संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा बोलावलं तर त्यांच्या व्हिजिट बुडतात. विषय होता व्हॅक्यूम, म्हणजे गॅस भरण्याआधी नळीतली हवा आणि ओलावा काढून टाकणं. नळी जोडली की थोडा गॅस सोडून आतली हवा ढकलून द्यायची, ही जुनी पद्धत. नव्या गॅसला ती चालत नाही, पंप लावून दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप) खाली उतरवावा लागतो. आमचा तरुण इंजिनिअर छान समजावत होता. मधेच एक हडपसरचा मेकॅनिक उठला. "साहेब, सगळं मान्य. पण चौथ्या मजल्याचा छज्जा दीड फुटाचा. मी तिथं मांडी घालून बसतो. पंप कुठं ठेवू? लाइट कुठून घेऊ? आणि मॅडम आतून दर दहा मिनिटांनी विचारतात, झालं का?"

हॉल शांत. मग जे बोलणं सुरू झालं ते साडेदहापर्यंत. लांब होज लावून पंप खिडकीच्या आत ठेवता येतो, हे एकाने दाखवलं. कोटेशनमध्येच 'व्हॅक्यूम, पाऊण तास' असं छापायचं, म्हणजे घरचे लोक घाई करत नाहीत, हे दुसऱ्याने सुचवलं. ते आता आमच्याकडे बरेच जण छापतात. आणि छज्ज्याचं काय, तर पुढच्या बैठकीला आर्किटेक्ट बोलवले. आउटडोअर युनिट बाहेरून दिसू नये एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्याच हडपसरच्या मेकॅनिकने त्यांना स्वतःचे, दोरीने बांधून काम करतानाचे फोटो दाखवले. दोघांनी तरी नव्या प्लॅनमध्ये आत शिरायला दार आणि बाहेर कठडा दिला. दोघांनी तरी.

पुढचं सत्र श्रावणात आहे. विषय मेकॅनिकांनीच निवडलाय, आर-२९० च्या मशीनला हात लावण्याआधी काय काय बघायचं. सिलिंडर आणि गळती शोधायचं यंत्र मी आणतोय. ज्या पोरांनी मेंबरशिपचं विचारलं त्यांनी फॉर्म नंतर भरा, आधी या सत्राला या. आणि मागे बसू नका, खुर्च्या लावायला माणसं कमी पडतात.