शिरोरेषा जपणारी थीम

आज दिवसभर एका मराठी दिवाळी अंकाच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीची थीम, म्हणजे पानांचे रूप आणि मांडणी ठरवणारा संच, जुळवत होते. मूळ थीम देखणी आहे, पण तिची घडण रोमन लिपी गृहीत धरून झालेली आहे. शीर्षकांतील अक्षरांमध्ये तिने सोडलेल्या जादा अंतरामुळे देवनागरीची शिरोरेषा अक्षरागणिक तुटत होती, आणि ओळी फार जवळ असल्याने वरच्या ओळीतील उकार खालच्या वेलांट्यांना भिडत होते. मूळ थीम अद्ययावत होताच तिच्या फायलींतील बदल पुसले जातात, म्हणून सर्व दुरुस्त्या चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या पण वेगळ्या ठेवलेल्या थीममध्ये, केल्या: अक्षरांतील अंतर शून्य, ओळींची उंची १.७ पट आणि ‘एक टाइप’ या मुंबईतील संस्थेने घडवलेला मुक्ता हा फाँट.

अधिक वेळ गेला तो वाचनकाळ दाखवणाऱ्या प्लगिनवर, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमवर. कितीही दीर्घ कथा असली, तरी ते एकच मिनिट दाखवत असे, कारण वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीचे शब्द मोजणारे तयार फंक्शन देवनागरी अक्षरांना अक्षरे मानतच नाही. अखेर मोकळ्या जागांवरून शब्द मोजणारे छोटे प्लगिन स्वतः लिहिले आणि मजकूर पानावर दिसण्यापूर्वी त्यात बदल करू देणाऱ्या वर्डप्रेसच्या फिल्टरला जोडले. वर्डप्रेसच्या गाभ्याला हात न लावता असे काही जोडण्याची सोय २००४ साली १.२ या आवृत्तीने दिली. माझ्या मते या प्रणालीचे खरे बळ तेच आहे. चाचण्या पूर्ण झाल्यावर हे प्लगिन जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांसाठी खुले करणार आहे.