पगार कोण देतं, त्यावर गोव्याचा फुटबॉल

२००६-०७ ते २०१२-१३ या सात हंगामांत देशाचं लीग विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेलं नाही. धेंपो, पुन्हा धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगांवकर, धेंपो, चर्चिल. यातलं पहिलं जुन्या नॅशनल फुटबॉल लीगचं, पुढची सहा तिच्या जागी आलेल्या आय-लीगची. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीचं राज्य सात वर्षं कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला पुरून उरलं. २०१६ मध्ये मात्र धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीग सोडून निघून गेले.

एवढंसं गोवा इतकं वर कसं गेलं आणि मग का घसरलं, याचं उत्तर शोधताना लोक 'गोंयकाराच्या रक्तातच फुटबॉल' असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आवड होतीच, पण आवडीवर पोट भरत नाही. गोव्यात फुटबॉलच्या प्रत्येक टप्प्यावर खेळाडूचा पगार कुणीतरी देत होतं, आणि तो देणारा बदलला की खेळही बदलत गेला.

सुरुवात १८८३ ची सांगतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू बार्देशातल्या शिवोलीत आले आणि ख्रिस्ती शिक्षणाचा भाग म्हणून मुलांना फुटबॉल शिकवू लागले. राज्य पोर्तुगिजांचं, पण खेळ आणला इंग्रजाने. शाळा आणि चर्च या दोन वाटांनी तो गावोगाव पोहोचला. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवसांत गावागावांत सामने लावायची रीत त्यातूनच रुजली.

गोव्याबाहेरच्यांना या गावच्या मैदानाची नीट कल्पना नसते. बरीचशी 'मैदानं' म्हणजे भाताची शेतं. पावसाळी पीक, म्हणजे सरद, ऑक्टोबरच्या सुमारास कापलं की शेत मोकळं होतं. तिथे वायंगण, म्हणजे त्यानंतरचं दुसरं पीक, करायचं नसेल, तर जूनपर्यंत ते खेळाला मिळतं. पण कापणी झाली की लगेच खेळता येत नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनीत पाणी मुरलेलं असतं. वरून कोरडी दिसणारी जमीन खाली मऊ राहते आणि टाच रुतते. भाताचे खुंट जमिनीलगत छाटले नाहीत तर अनवाणी पायात घुसतात. दोन शेतांमधली मेर, म्हणजे बांध, काढल्याशिवाय अकरा-अकराचं मैदान होत नाही, आणि मेर काढायची तर दोन्ही शेतकरी राजी हवेत. नियमाचं मोठं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. तेवढी जागा फार थोड्या गावांना मिळते. मग लांबी कशीबशी साधतात आणि रुंदी कमी पडते.

जानेवारीनंतर तीच जमीन दगडासारखी कडक होते आणि तिला भेगा पडतात. नियमाप्रमाणे चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि आतली हवा ०.६ ते १.१ वातावरणदाबाएवढी असते. अशा जमिनीवर हवा वरच्या टोकाला भरली, तर चेंडू भेगेवर आपटून कुठेही उडतो. म्हणून हवा खालच्या टोकाला ठेवावी, नाहीतर खेळाऐवजी नुसती धावपळ होते. अशा मैदानावर वाढलेल्या मुलाला चेंडू अंगावर घेऊन पहिल्याच स्पर्शात मेलेला करायची सवय लागते, कारण दुसरा स्पर्श मिळेलच याचा भरवसा नसतो. गोव्याचे मधल्या फळीतले खेळाडू आखूड पासवर खेळतात, त्यामागे मला प्रशिक्षकाइतकाच या शेताचा हात दिसतो. याची किंमतही आहे. कडक जमिनीवर वर्षानुवर्षं उड्या मारल्या आणि वळणं घेतली की घोटा आणि गुडघा लवकर जातो.

या शेतातून वर जायची पहिली शिडी मुंबईला जात होती. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे. त्यामुळे भारताकडून खेळायचं तर मुंबई गाठावी लागे. धोबीतलावच्या परिसरात गावागावांच्या कुडी, म्हणजे एकत्र उतरायच्या बिऱ्हाडाच्या जागा, होत्या. बोटीवर जाणारा किंवा नोकरी शोधणारा गोंयकार तिथे उतरायचा. फुटबॉलवर नोकरी मिळायची ती टाटांसारख्या कंपन्यांच्या संघात. कॅलटेक्स या तेल कंपनीचा संघ तर १९५८ मध्ये रोव्हर्स कप जिंकला. मुंबईत १८९१ पासून खेळली जाणारी ही स्पर्धा त्या काळी जिंकणं साधं नव्हतं. नेव्हिल डिसोझा हा गोव्याच्या मुळाचा, मुंबईकडून खेळणारा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात त्याचे तीन गोल होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातला फॉर्तुनातो फ्रांको हा कोलवाळचा, टाटांकडून खेळणारा. गोव्याची फुटबॉल संघटना मुक्तीच्या आधीच, १९५९ मध्ये उभी राहिली होती, पण नोकरी देईल असा मालक अजून गोव्यात फारसा नव्हता.

तो मालक खाणींनी दिला. लोहखनिज जपानला जाऊ लागलं, पैसा आला, आणि खाणमालकांनी क्लब काढले. साळगांवकरचा क्लब १९५६ चा. धेंपोने साठीच्या दशकाअखेर डिचोलीचा क्लब घेऊन आपला संघ उभा केला. पुढे सेझा गोवा ही खाण कंपनीही आली. गावच्या मुलाला क्लबने निवडलं की कंपनीच्या हजेरीपटावर नाव लागायचं. सकाळी सराव, मग कामावर, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. खेळ संपल्यावरही नोकरी राहील, हा भरवसा घरच्यांना मिळाला. 'खेळून काय मिळणार' या आईबापांच्या प्रश्नाला गोव्यात उत्तर होतं. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत ते आजही नाही.

त्याचं फळ संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, दिसलं. १९८२-८३ ला बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्याने एकट्याने ट्रॉफी जिंकली, आणि साऱ्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. गोलरक्षक ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर. उंच चेंडूवर गोलरेषेत थांबायचं की पुढे येऊन पकडायचा, हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो आणि पुष्कळ गोल तिथेच खाल्ले जातात. ब्रह्मानंदची खासियत याच निर्णयात होती. तो भारताचा कर्णधारही झाला. १९९७ ला अर्जुन पुरस्कार, २०२२ ला पद्मश्री. पद्मश्री फार उशिरा मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या साळगांवकर क्लबने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षं फेडरेशन कप, म्हणजे क्लबांचा राष्ट्रीय चषक, आणला. १९८९ ला फातोर्ड्याचं स्टेडियम झालं आणि पुढच्या वर्षी गोव्याने तिथे, घरच्या लोकांसमोर, संतोष ट्रॉफी पुन्हा उचलली.

धेंपोचा सुवर्णकाळ आर्मांदो कुलासो यांच्या प्रशिक्षणात घडला. त्यांच्या हाताखाली, २००४-०५ चं धरून, पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. हा मूळ सांगाडा वर्षानुवर्षं फारसा हलला नाही. संघ जुळायला वेळ लागतो आणि तो वेळ कुलासोंना मिळाला. २०११-१२ मध्ये रँटीने एका हंगामात ३२ गोल केले, पण त्याला चेंडू पुरवणारी माणसं बहुतेक दहा-पंधरा मैलांवरच्या गावांतली होती. २००८ मध्ये हाच क्लब एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला.

मग घसरण. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. २०१४ ला मर्यादा घालून परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द होऊन सगळं पुन्हा ठप्प झालं. सगळा दोष खाणबंदीवर टाकणं मात्र चुकीचं आहे. धेंपोने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेझा गोवाला विकला होता, आणि त्यानंतरही क्लब दोनदा विजेता झाला. खरा घाव लीगच्या रचनेचा होता. २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने मांडलेल्या आराखड्यात ती वरची आणि आय-लीग खालची ठरली. मैदानावर जिंकून वर चढायची वाटच राहिली नाही, तर मालकाने दर वर्षी पैसे का ओतायचे? तिन्ही क्लबांनी बाहेर पडताना हाच मुद्दा धरला होता आणि तो रास्त होता. चर्चिलची गोष्ट वेगळी. २०१४ च्या जानेवारीत फेडरेशन कप जिंकला, त्याच हंगामात लीगमध्ये तळाच्या आसपास घसरले आणि पुढे परवान्याचे निकष पूर्ण न झाल्याने बाहेर काढले गेले.

आयएसएलमध्ये आलेल्या एफसी गोवाने मान राखला, यात शंका नाही. २०१९-२० ला लीगच्या गुणतक्त्यात पहिलं स्थान मिळवलं आणि २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. कतारच्या अल रय्यानशी दोन्ही सामने आणि अमिरातीच्या अल वाहदाशी एक, असे तीन सामने बरोबरीत सोडवले. पण मंदार राव देसाई आणि रोमियो फर्नांडिस हे त्या संघाचे सुरुवातीचे गोमंतकीय चेहरे धेंपोतून आले होते. वरच्या क्लबने खालच्या क्लबात तयार झालेली माणसं घेतली आणि खालचे क्लब मात्र रिकामे होत गेले.

धेंपोने अकादमी आणि कनिष्ठ संघ चालू ठेवले. २०२३-२४ च्या आय-लीग २ मधून वर येऊन २०२४-२५ ला तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. तेही मैदानावर गुण मिळवून.