आठ बाय आठमधलं ठसठशीत अक्षर

कॉलेजच्या फेस्टचं पोस्टर असो की गेमिंग कॅफेचा बोर्ड, ‘जरा रेट्रो करा ना’ असं कुणी म्हटलं की मी आधी ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा इंग्रजी फॉन्ट लावून बघतो. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि परवाना खुला, त्यामुळे धंद्याच्या कामाला बिनधास्त चालतो.

अक्षरांचं हे वळण नामको या जपानी कंपनीच्या ऐंशीच्या दशकातल्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या) गेम्सचं. ‘पॅकमॅन’चा (१९८०) स्कोअर याच अक्षरांत दिसतो. त्याचं मूळ आणखी मागे, अटारी या अमेरिकी गेम कंपनीच्या घरातल्या १९७६च्या ‘क्विझ शो’ गेममध्ये. स्क्रीनवर ८ बाय ८ पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, घरं, एका घरात एक अक्षर. शेजारचं अक्षर चिकटू नये म्हणून एका बाजूची आणि खालची ओळ रिकामी, म्हणजे हाताशी उरले ७ बाय ७. एवढ्याशा जागेतही उभ्या रेघा दोन पिक्सेल जाड आणि आडव्या एकच! सगळा ठसठशीतपणा त्यातून येतो.

माझं लाडकं म्हणजे शून्य. वरचा डावा खांदा एका पिक्सेलचा, उजवा दोनांचा. खाली बरोबर उलटं. त्यामुळे ते किंचित तिरकं दिसतं आणि इंग्रजी ‘ओ’शी गल्लत होत नाही. स्कोअरमध्ये शून्यांचीच रांग असते, तेव्हा हे कष्ट कुणीतरी विचार करूनच घेतलेत.

साइझ आठच्या पाढ्यातली ठेवायची: १६, २४, ३२. वीस ठेवलीत तर स्क्रीनवर कडा राखाडी होतात, मग पिक्सेल फॉन्ट घेतला कशाला? फ्लेक्सला द्यायचं तर कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवरून जेपीजी गेला की कोपऱ्यांची वाट लागते.

आणि दोन-तीन शब्दांवर थांबा. एका कॅफेवाल्यांना अख्खा मेनू यातच हवा होता. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा लागत असल्याने इंग्रजीत लिहिलेलं ‘पनीर चिली ड्राय’ सतरा घरं खातं; किंमत गेली खालच्या ओळीत. शेवटी कॅफेचं नाव आणि किमती यात, पदार्थ साध्या फॉन्टमध्ये, यावर तोडगा निघाला.

मराठी मात्र यात नाही. ग्राफ पेपरवर मी थोडी खटपट केली. ‘ग’, ‘प’ जमतात. ‘ण’ला तीन उभ्या रेघा, प्रत्येकी दोन पिक्सेल आणि मधल्या दोन फटी धरल्या की तिथेच आठ झाले, सातात बसवायचं कसं? शिवाय शिरोरेषेच्या वर वेलांटी, खाली उकार. मी आता सोळा ओळींचं घर धरलंय. त्यात ‘ळ’ झकास बसला. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ अजून दाद देत नाही.