मी बदक घासलं

अमेरिकेहून आल्यावर नायगाऱ्यावर लिहायचं असतं. पाहिला, भिजले, फोटो सगळ्यांना पाठवून झालेत. मला लिहायचंय एका लाकडी बदकाबद्दल.

लेक मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, वूस्टरजवळ. जुलैत एका पहाटे साडेचारला तिनं गदागदा हलवलं. "आई, ऊठ. ब्रिमफील्डला उशिरा गेलं की नुसतं ऊन मिळतं." रूट 20 च्या दोन्ही बाजूंच्या कुरणांत मैलभर पसरलेला हा जुन्या वस्तूंचा बाजार 1959 पासून भरतो, वर्षातून तीनदा: मे, जुलै आणि सप्टेंबरात. आम्ही पोचलो तर मुरलेली गिऱ्हाइकं टॉर्च घेऊन तंबूंत वाकलेली. मला पुण्याचा जुना बाजार आठवला. पण इथे कोठाराच्या छपरावर वारा दाखवत फिरून फिरून हिरव्या पडलेल्या तांब्याच्या कोंबड्याला चार हजार डॉलर सांगतात, आणि सांगणारा हसतही नाही. ठिगळांच्या रजया तर दोरीवर अशा मांडलेल्या की जणू पैठण्याच. आजीच्या गोधड्यांची आम्ही पायपुसणी केली, ते आठवून मी तिथून लवकर सटकले.

नऊ वाजेपर्यंत ऊन रणरणायला लागलं. सावली नाही, बसायला जागा नाही, लिंबू सरबत आठ डॉलरला. मी चिडचिड करत एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या तंबूत शिरले ती फक्त त्याच्याकडे रिकामी खुर्ची दिसली म्हणून. टेबलावर दहा-बारा बदकं होती. एक उचललं. तो म्हणाला, "आधी उलटं करून बघा."

तळाला शिशाची पट्टी ठोकलेली, बदक पाण्यावर सरळ राहावं म्हणून. बाजूला डागलेली दोन अक्षरं, बहुधा मालकाची, कारण तळ्यावर एकाची बदकं दुसऱ्यात मिसळायची. पाठीत बारीक भोकं. "छर्रे," म्हातारा म्हणाला. ही बदकं पाण्यात सोडायची, खऱ्या बदकांना वाटायचं खाली आपलीच मंडळी आहेत, ती उतरायची की बार. हॉटेलांना आणि बाजाराला पक्षी पुरवणारे शिकारी असे थवेच्या थवे टिपत. 1918 च्या कायद्यानं स्थलांतरित पक्ष्यांची विक्री बंद झाली, तो धंदा बसला. पण हौशी शिकारी राहिले आणि बदकं कोरली जात राहिली. केप कॉडच्या एल्मर क्रोवेलनं कोरलेल्या दोन पक्ष्यांना 2007 साली प्रत्येकी अकरा लाख डॉलरच्या वर किंमत आली.

माझं बदक तसं नव्हतं. एक काचेचा डोळा गेलेला, चोच घासलेली. 140 सांगितले, घासाघीस करून 110 ला घेतलं. जावई गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं मला कळतं. निघताना म्हातारा दोनदा म्हणाला, "रंगाला हात लावू नका. खरी किंमत त्या रंगाचीच आहे."

मी ऐकलं होतं. खरंच ऐकलं होतं.

पण घरी आल्यावर बदकाला कुबट वास येत होता, मानेशी काळं साचलं होतं. कुणाच्या घरातली, कुणाच्या हातची वस्तू विसळल्याशिवाय घरात घ्यायची नाही, ही आमच्याकडची शिस्त. सगळे झोपल्यावर मी भांड्यांचा साबण घेतला आणि घासणीची मऊ बाजू. मऊच घेतली होती. पाणी आधी करडं झालं, मग सिंकच्या जाळीवर पांढरे, तपकिरी पोपडे साचायला लागले. ते रंगाचे आहेत हे कळेपर्यंत डाव्या पंखाखालचं लाकूड उघडं पडलं होतं.

लेक पाणी प्यायला खाली आली. बघितलं तिनं. म्हणाली, "आई, ती घाण नव्हती गं."

त्याच आठवड्यात व्हरमाँटला शेलबर्न म्युझियम पाहिलं. एरवी मी उड्या मारल्या असत्या. ते उभारणारी इलेक्ट्रा म्हणजे साखरेच्या धंद्यातल्या गडगंज हॅवमायरांची लेक. घरात मॅने आणि देगासारख्या फ्रेंच चित्रकारांची चित्रं लटकलेली, आणि ही विशी गाठायच्या आत पंधरा डॉलरना तंबाखूच्या दुकानापुढचा लाकडी पुतळा घेऊन येते! आईला तो कचरा वाटला. त्याच हौसेतून 1947 साली हे म्युझियम उभं राहिलं. तिथल्या डॉर्सेट हाउसमध्ये शेकडो बदकं आहेत, छर्ऱ्यांच्या भोकांसकट, उडालेल्या रंगासकट. तासभर मी एकेकाच्या पंखाखाली वाकून बघत होते. कुणीतरी, कधीतरी, एखादं तरी धुतलं असेल म्हणून.

बदक आता पुण्यात शोकेसमध्ये आहे, सावंतवाडीच्या लाकडी सीताफळाशेजारी. परवा धाकटी बहीण आली होती. हातात घेऊन म्हणाली, "एवढ्या लांबून आणलंस ताई, रंग तरी देऊन घे. सावंतवाडीला चितारआळीत छान देतील."

मी चहा टाकायला उठले.