हललेला फोटो

"बसलेल्याचे ढीगभर काढलेत, आता उडतानाचा एक काढा," कुंभारगावचे नावाडी दादा म्हणाले.

समोर उजनी धरणाच्या चिखलात तुतवार, पाणथळीतला छोटा पक्षी. त्याच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जातींपैकी कुठला, वुड सँडपायपर की ग्रीन? होडीत दोन पक्ष. पायांचा रंग बघावा तर चिखलाने माखलेले. डोळ्यावरची पांढरी रेघ मागेपर्यंत जाते का, तेही उन्हात कळेना.

तेवढ्यात उडाला. पंखाखालून जवळजवळ काळा, शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र. ग्रीन! वुडचे पंख खालून फिकट असतात.

पक्ष्याच्या नोंदीला लागते ती हीच फ्रेम. पण हललेली, म्हणून शेजारच्याने तिथेच डिलीट केली. ग्रुपवर टाकला तो देखणा, बसलेला. खाली लगेच कुणीतरी विचारलं, "वुड ना?"

तुम्ही ठेवता का हो असे हललेले फोटो?