तुम्ही विचारलंत म्हणून: ओवेन्सच्या आधी नाम्बू का?

मुलांना लांब उडी शिकवताना मी प्रसिद्ध अमेरिकन खेळाडू जेसी ओवेन्सच्या आधी चुहेई नाम्बूंचं नाव घेतो. त्यामुळे पालक हमखास विचारतात, सर, हे कोण?

नाम्बू हे जपानचे उडीपटू. साप्पोरोचे, जन्म 1904चा, शिक्षण टोकियोच्या वासेदा विद्यापीठात. 27 ऑक्टोबर 1931 रोजी त्यांनी 7.98 मीटर लांब उडी मारली आणि विश्वविक्रम केला. त्याच दिवशी त्यांचे सहकारी मिकिओ ओदा यांनी तिहेरी उडीचा विश्वविक्रम केला. एका देशासाठी काय दिवस असेल तो!

7.98 हा आकडा नुसता सांगून पोरांना कळत नाही. म्हणून मी टेप धरून वाळूत तेवढ्या अंतरावर खुंटी ठोकतो. पोरं पट्टीवर उभी राहून खुंटीकडे बघतात, मग एकमेकांकडे. एखादं पोरगं पूर्ण रनअप घेऊन उडतं आणि खुंटीच्या कितीतरी अलीकडे पडतं. मग प्रश्न सुरू होतात, आणि शिकवायला मला तेच हवे असतात.

1932 साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकला लांब उडीत नाम्बूंना कांस्यच मिळालं, 7.45 मीटरवर. विश्वविक्रमवीराला हे किती लागलं असेल! त्यातच ओदा दुखापतीने बेजार. तिहेरी उडीत नाम्बू उतरले आणि 15.72 मीटर मारून सुवर्ण आणि विश्वविक्रम दोन्ही घेऊन गेले. एक स्पर्धा हातची गेल्यावर दुसरीत असं उभं राहणं मला त्या 7.98 पेक्षाही मोठं वाटतं.

ओवेन्सने 1935 मध्ये 8.13 मीटर मारून त्यांचा लांब उडीचा विश्वविक्रम मोडला. जपानचा राष्ट्रीय विक्रम मात्र नाम्बूंच्याच नावावर राहिला. 1964च्या टोकियो ऑलिंपिकला ते जपानच्या अॅथलेटिक्स संघाचे मुख्य प्रशिक्षक होते, तेव्हाही तो शाबूत होता. त्या संघात हिरोओमी यामादा हा लांब उडीपटू होता. ज्या पोरांना घडवायचं, त्यांच्यापुढचं लक्ष्य प्रशिक्षकाचाच जुना आकडा! आपला विक्रम आपल्याच डोळ्यांदेखत मोडला जावा यासाठी झटायला मोठं मन लागतं.

1970 मध्ये यामादाने 8.01 मीटर मारली. फक्त तीन सेंटिमीटर जास्त, पण त्यासाठी जपानला जवळपास 39 वर्षं लागली. नाम्बू तेव्हा 66 वर्षांचे होते.